सुरमईच्या पेटीतला कीबोर्ड

"कीबोर्ड कुठाय?" मी विचारलं.

नणंदेच्या हळदीला वाजवायला आलेला हसूमास्तर मांडवाच्या खांबाला पाठ लावून, गालावर हात ठेवून बसला होता. त्याच्या बेंजो पार्टीतली माणसं ढोलांवरच बसून बिड्या ओढत होती. माझा नवरा हरेश स्टुलावर चढून तोरण बांधत होता आणि मी मांडवात पाऊल टाकल्यापासून त्याचं त्या तोरणावर भलतंच प्रेम बसलं होतं.

"अहो, तुम्हांला विचारतेय. खाडीतून बाहेर काढला ना?"

"काढला ना," तो तोरणाशीच बोलला. "पाग टाकला मी. पहिल्याच फेकीला जाळ्यात आला."

"मग आहे कुठं?"

"आईला विचार."

'आईला विचार' म्हटलं की त्या घरात पुढे काही विचारायचं उरत नसे. आई म्हणजे माझी सासू, धाकलीबाई. मागच्या पडवीत त्या शेजारणींना घेऊन कोळंबी सोलत बसल्या होत्या. माझी चाहूल लागली तरी मान वर न करता त्यांनी ओल्या बोटाने कोपरा दाखवला. कोपऱ्यात लांबलचक निळी पेटी होती, मासळी बर्फात ठेवायची.

मी झाकण उचललं. आत बर्फाचा चुरा. एका कडेला हळदीच्या जेवणासाठी आणलेल्या सुरमया ओळीने झोपलेल्या. आणि त्यांच्या शेजारी, गळ्यापर्यंत बर्फात, हसूमास्तरचा कीबोर्ड. एका सुरमईचं शेपूट त्याच्या पट्ट्यांवर आरामात पडलं होतं.

"आई!" मी ओरडले. "बर्फात?"

"मंग कशान ठेवाचा?"

"अहो, ही काय सुरमई आहे?"

"खारीतून आयलाय ना? जाल्यान गावलाय ना?" सासूबाईंनी कोळंबीचं डोकं तोडून बाजूला टाकलं. "खारीतून आयलेला बरफान नाय ठेवला त खराब व्हतो. येवरं तरी तुना शिकवलंय मी."

शेजारणींचे हात थांबले. लग्न होऊन माझं वर्ष व्हायचं होतं आणि सासूवर आवाज चढवायची ही माझी पहिलीच वेळ होती. त्या पडवीत तर बहुधा कोणाचीच आधी आली नसावी.

"विजेची वस्तू आहे ती! आधीच पाण्यात पडली, त्यात वरून तुम्ही तिला रात्रभर पाण्यात घातलीत!"

"पाणी कुठं? बरफ हाय," सासूबाई म्हणाल्या. "जमंल काय तुना ते बोल. नाय जमत त झाकण लाव. सुरमया तापतील."

आता हे सगळं कुठून सुरू झालं ते सांगते.

मी पेणची. बाबांचं तिथे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. शाळा सुटली की मी दुकानात बसायची आणि पुढे आयटीआयला जाऊन रीतसर शिकले. आमच्या तुकडीत मुलगी मी एकटीच. लग्न ठरलं तेव्हा नांदखारच्या कोळीवाड्यात जायचं म्हणून बाबांनी रुखवतात लाडू-करंज्यांच्या शेजारी एक लाल पत्र्याचं खोकं मांडलं. त्यात सोल्डरिंग आयर्न, मीटर, पकडी, नाना तऱ्हेचे स्क्रूड्रायव्हर. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी खोकं उचलून वजन बघितलं, 'जड हाय' एवढंच बोलल्या, आणि घरी आल्यावर ते माळ्यावर चढवलं. ते तिथेच राहिलं.

कारण सासूबाईंचा बेत वेगळा होता. बंदरावरच्या मासळी बाजारात त्यांची जागा होती, पहिल्या रांगेत, पिंपळाच्या सावलीला. ती त्यांना त्यांच्या सासूकडून मिळालेली, आणि तिला तिच्या सासूकडून. आमच्यात घर मुलाला जातं आणि बाजारातली जागा सुनेला. धाकटी लेक रंजू सासरी गेली की सून पाटी घेऊन बसणार, हे त्यांनी अख्ख्या बाजाराला सांगून ठेवलं होतं.

आणि मला भाव करता येत नाही. कोळ्याच्या पोटी जन्म घेऊन येत नाही. एकदा सराव म्हणून त्यांनी मला तासभर जागेवर बसवलं, तर पहिल्या गिऱ्हाइकाने पापलेटाचा जो भाव मागितला तो मी दिला, आणि बाई गोड बोलली म्हणून वर दोन बांगडे घातले. परत आल्यावर सासूबाई रिकाम्या पाटीकडे बघत राहिल्या. "हिचे जागी मांजर बसवली असती," त्या शेजारणीला म्हणाल्या, "त कमी नुकसान झाला असता."

मला पाटी नको होती. मला माझं खोकं हवं होतं, आणि एक लहानसं टेबल. होड्यांवरचे रेडिओ, वायरलेस, घरोघरचे मिक्सर, नवेनवे आलेले मोबाइल, सगळ्यांना दुरुस्तीसाठी खाडी ओलांडून पार अलिबागला जावं लागायचं. 'लग्न झालं की तुला दुकान टाकून देतो,' असं हरेश साखरपुड्याच्या दिवशी म्हणाला होता. लग्नानंतर मी आठवण केली की म्हणायचा, आईला विचार. समुद्रात वादळाला न घाबरणारा माणूस, पण आईसमोर त्याची दातखिळी बसायची. आणि माझीही, खोटं कशाला बोलू! रंजूची हळद आली, दोन दिवसांनी पाटी माझ्या डोक्यावर येणार, आणि मी अजून तोंड उघडलेलं नव्हतं.

हळदीच्या आदल्या दुपारी मी रंजूचे ब्लाउज आणायला पेणला गेले आणि शिंप्याने लटकवल्यामुळे माहेरीच राहिले. इकडे हसूमास्तरची पार्टी होडीने आली. ओहोटी होती, धक्क्यावर शेवाळ होतं. मास्तरचा भाचा कीबोर्ड खांद्यावर घेऊन उतरला तो सरळ खाडीत. भाचा पोहत बाहेर आला, कीबोर्ड कापडी पिशवीसकट वाहत चालला, आणि मग हरेशने पाग टाकला. मला कोणी फोन केला नाही. हळदीच्या घरातून वाईट बातमी बाहेर धाडू नये म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी होडीवाल्याने मला अर्ध्या खाडीत हे सगळं रंगवून सांगितलं, तेव्हा कळलं.

आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. लग्नाला पाहुणे येतात, हळदीला गाव येतो, आणि तो नाचायलाच येतो. पार्टीचं नाव बेंजो पार्टी, पण बेंजो वाजवणारा म्हातारा बोटं धरल्यामुळे घरी बसलेला. सगळी गाणी आता मास्तरच्या कीबोर्डवर. त्या मुहूर्तावर किनाऱ्यावरच्या झाडून सगळ्या पार्ट्या कुठे ना कुठे ठरलेल्या होत्या. मास्तरने सकाळपासून सगळीकडे फोन लावून झाले होते.

"वहिनी, माझी हळद मुकी करणार काय गो?" रंजूने दारातून विचारलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. रंजू सहसा दुसऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणते.

मी झाकण लावलं नाही. सुरमईचं शेपूट बाजूला केलं, कीबोर्ड उचलला आणि म्हटलं, "माझं खोकं खाली काढा."

हरेशने तोरण अर्धवट सोडलं आणि माळ्यावर उडी मारल्यासारखा चढला.

अंगणात चटई टाकली, वर जुनी चादर. कीबोर्ड उलटा केला, तर आतून बर्फाचं पाणी, वितळलेला चुरा आणि सुरमईचा एक खवला बाहेर पडला. मास्तर डोळे मिटून घेऊन बसला.

"मास्तर, पडला तेव्हा चालू नव्हता ना?"

"नाय गो पोरी. पिशवीन व्हता. तो मेलाच काय?"

"बघू तरी."

स्क्रू काढता काढता मी मनाची तयारी करून ठेवली होती. बाबांच्या दुकानात असं एक प्रकरण आलं होतं. एका खलाशाचा रेडिओ समुद्रात पडला, त्याने तो काढून उन्हात चांगला खडखडीत वाळवला आणि मोठ्या खुशीत घेऊन आला. उघडला तर आत सगळीकडे पांढरं मीठ फुललेलं आणि तांब्याच्या रेषा हिरव्या पडून तुटलेल्या. 'पाण्याने मरत नाही गं,' बाबा म्हणाले होते, 'पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, ते खातं.' खाडीच्या पाण्यात पडून एक रात्र उलटलेला कीबोर्ड, म्हणजे काय दिसणार ते मला ठाऊक होतं.

मागचं झाकण उघडलं. मी बघत राहिले.

आतल्या सर्किटच्या हिरव्या पाट्या लख्ख होत्या. कुठे पांढरं नाही, कुठे गंज नाही. सोल्डरचा डाग दिलेली जागा न् जागा चकचकीत. कोपऱ्यात पाण्याचा एक टपोरा थेंब होता. मी तो बोटावर घेतला आणि जिभेला लावला.

"काय करतेस?" हरेश दचकला.

मी दुसऱ्या कोपऱ्यातला थेंब घेतला. तोही चाटला.

"वहिनीला भूक लागली," मास्तरचा भाचा म्हणाला. मास्तरने त्याला टपली मारली.

"गोडं पाणी आहे," मी म्हटलं. "अहो, गोडं! जरासुद्धा खारट नाही!"

मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि मला हसूच आवरेना. बर्फ कारखान्यातला, गोड्या पाण्याचा. तो कीबोर्डवर बसून रात्रभर थेंबाथेंबाने वितळला, आत शिरला, मीठ धरून पेटीच्या बुडाच्या भोकातून गुपचूप निघून गेला. वर थंडावा असा की गंजाने डोकं वर काढायची हिंमत केली नाही. उन्हात ठेवला असता तर मेला असता. नुसता कोपऱ्यात ठेवला असता तरी मेला असता. मी सासूबाईंना सांगायला वळले, तर त्या मांडवाच्या दारात मसाला कमी वाटला म्हणून आचाऱ्याची हजेरी घेत होत्या. तिथे मध्ये जायची कोणाची टाप नव्हती. म्हटलं, आधी याला बोलता करू.

"होडीच्या बॅटरीत घालायचं पाणी आहे का घरात?" मी विचारलं. ते पाणी अगदी शुद्ध असतं, त्यात मीठ-माती काही नसतं. हरेशने भरलेला कॅन आणला. एकेक भाग सुटा केला, जुन्या मऊ ब्रशाने, त्या पाण्याने निथळून घेतला. पाट्या, वायरी, पट्ट्यांखालच्या रबराच्या लांब फिती, आणि सगळ्या पट्ट्या, पांढऱ्या, काळ्या. अंगणात पसारा मांडला गेला.

"आता वाळवायचं. सावलीत, पण वारा हवा. भरपूर वारा."

हरेशने मान वळवून किनाऱ्याकडे बघितलं. मीही बघितलं. वाळूत बांबूच्या वलांड्या उभ्या होत्या, बोंबील वाळवायच्या, आणि त्यांच्यावर जोड्याजोड्यांनी बोंबील लटकत होते. नांदखारमध्ये तिथल्याइतका वारा कुठेच नव्हता.

मग एका वलांडीवरचे बोंबील खाली उतरले. वर ताडपत्रीचं छप्पर झालं. पाट्या मच्छरदाणीच्या कापडात बांधून टांगल्या, रबराच्या फिती सुतळीला लावल्या, पट्ट्या जुन्या जाळ्यात पसरून ते जाळं पाळण्यासारखं बांधलं. शेजारच्या वलांडीवरचे बोंबील हे सगळं तोंड उघडं टाकून बघत होते. अडचण एकच झाली. सुरमईच्या पेटीत झोपलेल्या कीबोर्डला सुरमईचाच वास होता, आणि गावातले समस्त कावळे जमले.

त्यांना हाकायला तीन धवलारणी बसल्या. धवलारणी म्हणजे आमच्याकडे लग्नाची गाणी म्हणणाऱ्या म्हाताऱ्या बायका. संध्याकाळपर्यंत त्यांना तसंही काम नव्हतं. हातात काठ्या घेऊन त्या वलांडीखाली मांडी ठोकून बसल्या आणि कावळ्यांच्या आयाबहिणींची नावं घेऊन, अगदी लग्नाच्या चालीत, त्यांना हाकलू लागल्या. तरी एक कावळा डाव साधून गेलाच. एक काळी पट्टी उचलून तो पिंपळावर जाऊन बसला, चोच मारून बघितली, आणि मोठ्या तिरस्काराने ती खाडीत टाकली.

"ती पट्टी मना लागते!" मास्तर ओरडला. "तिच्याशिवाय एक गाणा नाय व्हनार!"

"थांबा मास्तर," हरेश म्हणाला. जाळं तरंगतं ठेवणाऱ्या जुन्या लाकडी बोयाचा एक तुकडा घेऊन तो कोयत्याने तासत बसला. नवऱ्याचे हात किती नाजूक काम करू शकतात हे मला त्या दिवशी कळलं. आईसमोर गप्प बसतो म्हणून मनात जी अढी होती, ती त्या लाकडाच्या कपच्यांबरोबर बरीचशी उडून गेली.

उन्हं कलली तशी मी सगळं उतरवलं. पाट्या कोरड्या, पट्ट्या कोरड्या. रबराच्या फिती मात्र आतून दमट. त्यांच्या बारीक खळग्यांत पाणी अडकलं होतं, आणि त्या कोरड्या झाल्याशिवाय एकही सूर धड निघाला नसता. गाव नटूनथटून निघायच्या तयारीत होतं.

आतल्या खोलीतून घरघर ऐकू आली. मी धावत गेले. ब्यूटी पार्लरवाली रंजूचे धुतलेले केस मशिनने वाळवत होती.

"हे मला दे," मी म्हटलं.

"अहो ताई, नवरीचे केस अजून ओले आहेत!"

रंजूने मशीन तिच्या हातातून काढून माझ्या हातात दिलं. "आधी त्याना वालव," ती म्हणाली. "मी ओलीच नाचन."

नवरीच्या खाटेवर फिती पसरल्या आणि लांबून, अगदी मंद वाऱ्यावर, एकेक खळगा फुंकत गेले. पार्लरवालीने कपाळाला हात लावला, पण थोड्या वेळाने तीच पुढे झाली आणि कंगव्याच्या दांडीने फिती उलटायला लागली.

मांडवात दिवे लागले. कीबोर्ड जोडून स्टँडवर ठेवला, काळ्या पट्ट्यांमध्ये एक लाकडाची. सगळं गाव भोवती उभं. मी मास्तरला म्हटलं, "वायर लावते."

लाल दिवा लागला. गर्दीतून 'आयलाऽऽ' असा आवाज उठला. मास्तरने देवाला हात जोडले, कीबोर्डला हात जोडले, आणि पट्टी दाबली.

काही नाही.

दुसरी दाबली. काही नाही. मग सगळ्या बोटांनी दाबल्या. मांडवात कोळंबी पडली असती तरी ऐकू आली असती. मी पुढे वाकले, आणि मला ते दिसलं. धुताना मीच आवाजाचं बटण शून्यावर नेऊन ठेवलं होतं.

बटण फिरवलं, आणि मास्तरची सगळी बोटं अजून पट्ट्यांवरच असल्याने जो काही आवाज फुटला त्याने पिंपळावरचे कावळे उडाले, धवलारणींनी कानावर हात ठेवले आणि मांडवातलं लहान पोर रडायला लागलं. त्याच्या पाठोपाठ ढोल सुरू झाला. मास्तर रडत होता आणि वाजवत होता. हरेशने मला सगळ्या गावादेखत उचललं. शुद्धीवर आल्यावर त्याने आधी आई कुठे आहे ते बघितलं आणि मग खाली ठेवलं.

"सुनबाय! सुनबाय!" लोक ओरडायला लागले.

मी हात वर केले. गर्दीसमोर बोलायची मला सवय नाही, पण ते बोलल्याशिवाय राहवेना.

"मी नाही," मी म्हटलं. "मी नुसता पुसला. याला वाचवला आईंनी. बर्फात ठेवला नसता तर मिठाने खाऊन टाकला असता. सकाळी मी त्यांच्यावर ओरडले, पण मी स्वतः घरी असते ना, तरी याहून चांगलं काही मला सुचलं नसतं!"

सगळ्यांच्या माना वळल्या. सासूबाई जेवणाच्या पातेल्यांपाशी पळी घेऊन उभ्या होत्या. त्यांचा चेहरा जरासुद्धा हलला नाही.

"मना कनाला मधी आणतस?" त्या म्हणाल्या. "पावणे उभे हान. नाचा नायतर जेवाला बसा."

आणि हळद सुरू झाली. रंजूला हळद लागली, मग लावणाऱ्यांना लागली, मग वाटेत येईल त्याला लागली. रंजू खरंच ओल्या केसांनी नाचली. लाकडाची पट्टी जराशी बसकी वाजत होती, पण नाचणाऱ्या पायांना त्याचं काय! फक्त मास्तरच्या जवळ गेलं की गाण्याला सुरमईचा मंद वास होता.

पहिली पंगत बसली तेव्हा मास्तर माझ्या शेजारच्या पाटावर येऊन बसला.

"पोरी, तू मगाशी बोललीस ती खरी गोष्ट हाय," तो म्हणाला. "पन अर्धीच."

"अर्धी कशी?"

"काल हा बाहेर कारला ना, तवा माजा जीव राहीना. बोल्लू, वायर लावून बघताव, जिता हाय का मेलाय."

माझा घास हातातच राहिला. "ओला असताना? मास्तर, जळून खाक झाला असता!"

"मना काय म्हाईत? मी वायर घेतली. तुजे सासूनं माजे हातातून हिसकली." त्याने भाताचा ढीग सपाट केला. "बोल्ली, माजी सून येस्तवर कोनी बोट लावाचा नाय. ती शालेन जाऊन शिकलीय, ती येल आनि बघल. हरेश बोल्ला, आई, निदान उनान त ठेव. त्याना पन हाकलला. मंग पेटीन ठेवला, वर बरफ वतला, आनि झाकनावर जाऊन बसली. पावणे आयले, त तिथूनच सगल्यांना हुकूम सोरी. झोपली पन पेटीना टेकून."

मी पातेल्यांकडे बघितलं. सासूबाई कोणाला तरी सुरमईचा तुकडा वाढत होत्या आणि लहान का वाढला म्हणून वाढप्याला बोलत होत्या. सगळे, आणि मीही, त्या बर्फाला सवय समजून हसलो होतो. जेवण तसंच ठेवून मी उठले.

"आई, तुम्ही मला सांगितलं का नाहीत?"

"काय सांगाचा?"

"माझ्यासाठी राखून ठेवला होतात ते."

पापलेटाचा भाव मूर्खासारखा मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"बरफ कनाला घालतात गो?" त्या म्हणाल्या. "गिऱ्हाईक येस्तवर माल टिकला पायजे म्हनून. तू येस्तवर टिकला ना? मंग झाला." आणि ताटातली हळद मूठभर घेऊन त्यांनी माझ्या दोन्ही गालांना अशी फासली की मला डोळे उघडता येईनात. "जा, नाच. आनि परवा लवकर ऊठ. पाटी हाय तुजी."

पाटी! त्या आनंदात मी ती विसरूनच गेले होते. पण हळदीने माखलेल्या त्या घटकेला मी ठरवून टाकलं, बसेन. ज्या बाईने माझ्यासाठी पेटी राखली, तिची जागा मी राखेन. भाव नाही आला तर नाही आला.

रंजू सासरी गेली. दुसऱ्या सकाळी आम्ही दोघी बाजाराला निघालो. पाटी सासूबाईंनी स्वतःच डोक्यावर घेतली होती, वर ओलं गोणपाट. मी घेऊ का म्हटलं तर म्हणाल्या, "जड हाय."

पिंपळाखाली पोहोचलो. पहिल्या रांगेतल्या सगळ्या बायका आमच्याकडे बघत होत्या. नवी सून पहिल्यांदा जागेवर बसते तेव्हा सगळ्या बघतात. सासूबाईंनी जागा झाडली, पाणी शिंपडलं आणि आपला पाट नेहमीपेक्षा डावीकडे सरकवून मांडला. उजवीकडे तेवढीच जागा मोकळी राहिली.

"बस तिथं."

मी बसले. त्यांनी पाटी माझ्यापुढे ठेवली आणि गोणपाट ओढून काढलं.

आत मासळी नव्हती. माझं लाल पत्र्याचं खोकं होतं. त्याच्याभोवती बर्फाचा चुरा घातला नव्हता एवढीच मेहेरबानी.

"आई..." मी म्हटलं आणि खोकं दोन्ही हातांनी धरलं.

"रडू नको. बोनीची येल हाय." त्यांनी पदर खोचला. "पाटीन काय घालाचा ते जिचे तिचे हातान असतं. जागा मातर सोराची नाय."

मग त्या उभ्या राहिल्या आणि ज्या आवाजात त्या इतकी वर्षं सुरमई-पापलेट विकत आल्या होत्या, त्याच आवाजात, पार पलीकडच्या धक्क्यापर्यंत ऐकू जाईल असं ओरडल्या, "या गो बायांनो या! रेडिव, मोबाइल, मिक्सर! सगला दुरुस्त व्हतो! खारे पाण्यान परलेला जिता करून मिलतो! माजी सून करते!"

बाजार खो खो हसला. पण हसता हसता समोरच्या रांगेतली एक बाई उठली आणि कमरेच्या पिशवीतून बंद पडलेला मोबाइल काढून माझ्यापुढे धरला.

"पाण्यान परलाय. किती घेशील गो?"

"असू दे हो मावशी," मी म्हटलं, "एवढंसं तर काम, तुमच्याकडून काय—"

मांडीला असा करकचून चिमटा बसला की वाक्य तिथेच तुटलं.

"भाव मी बोलनार," सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "तू नुसता इस्कू फिरव."

त्याला आता बरीच वर्षं झाली. दुरुस्ती मी करते, भाव त्या बोलतात, आणि मी मध्येच तोंड उघडलं तर चिमटा अजून बसतो.